धारणीजवळच्या गावातून अमरावतीच्या लॅबमध्ये लघवीचा नमुना न्यायला चार तास लागतात. कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा) रिपोर्ट चुकेल का?
हो, एसटीत नुसता पिशवीत ठेवून नेला तर चुकू शकतो. ई. कोलायसारखे जंतू उबेत साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतात. एका मिलिलिटरमागे 1 लाखाच्या वर जंतू दिसले की सहसा संसर्ग धरतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तेवढे तर डबीतच वाढतात. मी लॅबमध्ये रोज हेच नमुने कल्चरला लावतो. निर्जंतुक डबी लॅबमधूनच न्या (धुतलेली औषधाची बाटली नको), सुरुवातीची धार सोडून मधली धरा, झाकण घट्ट लावून बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवा. फ्रिजइतका थंड राहिला तर 24 तास चालतो. मात्र अँटिबायोटिक आधीच सुरू असेल तर जंतू असूनही बरेचदा उगवत नाहीत; गोळीचं नाव लॅबला सांगा.