'दुपारचं जेवण करतेय' स्पॅनिशमध्ये: कोमीदा की आल्मुएर्सो?

प्रश्न असा: 'मी दुपारचं जेवण करतेय', म्हणजे रांधतेय, हे स्पॅनिशमध्ये कसं सांगायचं? शब्दकोशातला 'आल्मुएर्सो' सगळीकडे चालेल का?

क्रियापद सोपं आहे. आपलं 'जेवण करणं' जेवण्यालाही लागतं आणि बऱ्याच घरांत रांधण्यालाही. स्पॅनिशमध्ये 'आसेर', म्हणजे करणे, लावलं की रांधणंच. 'एस्तोय आसिएन्दो ला कोमीदा' म्हणजे स्वयंपाक चालू आहे. जेवायला बसलात की 'एस्तोय कोमिएन्दो'. 'प्रेपारार'ही बरोबर, जरा औपचारिक. घरातला रोजचा प्रश्न मात्र 'के आगो दे कोमेर?', आज जेवायला काय करू?

खरी अडचण नामाची. स्पेनच्या बऱ्याच भागांत दुपारी दोन-तीनचं मुख्य जेवण म्हणजे 'कोमीदा'. तिथे, विशेषतः वालेन्सियाकडे, 'आल्मुएर्थो' हे सकाळी दहा-अकराचं खाणं (स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी z या अक्षराचा उच्चार 'स' न होता असा 'थ' होतो). मेक्सिकोतही दुपारची 'कोमीदा'च. पेरू, अर्जेंटिना, चिली, कोलंबियात मात्र दुपारचं जेवण 'आल्मुएर्सो'. कोलंबियात 'कोमीदा' बहुधा रात्रीच्या जेवणाला म्हणतात, त्यामुळे बोगोतात दुपारी बाराला 'कोमीदा करतेय' म्हटलंत तर ऐकणारा रात्रीची तयारी समजेल. कुठल्या देशातल्या माणसाशी बोलताय ते ठरवा आणि मगच शब्द निवडा.

'आल्मोर्सार' म्हणजे दुपारचं जेवणे. त्याचा 'ओ' 'उए' होतो: आल्मुएर्सो, आल्मुएर्सास, आल्मुएर्सा, पण 'आम्ही'ला आल्मोर्सामोस. 'आल्मोर्सो' ही शिकणाऱ्यांची नेहमीची चूक. शिवाय 'आल्मुएर्सो' हे नामही आहे आणि 'मी जेवते' हे क्रियापदही, म्हणून रांधण्याच्या वाक्यात नामाआधीचं 'एल' हे उपपद गाळू नका: 'प्रेपारो एल आल्मुएर्सो'.

पुढची कृती सांगताना कांदा सोलणं 'पेलार', चिरणं 'पिकार', तेलात मंद परतणं 'सोफ्रेईर', मंद आच 'आ फुएगो लेन्तो'. छोले आदल्या रात्री भिजत घालायचे तर 'पोनेर लोस गार्बान्सोस एन रेमोखो'. बटाटा स्पेनमध्ये 'पाताता', लॅटिन अमेरिकेत 'पापा'.

शिजवण्याच्या 'कोसेर'ला जपा. लॅटिन अमेरिकेत शिवण्याच्या 'कोसेर'चा उच्चार हुबेहूब तोच. 'मी शिजवते' म्हणजे 'कुएसो', 'मी शिवते' म्हणजे 'कोसो'. 'कोसो लास पापास' म्हटलं तर तुम्ही बटाटे शिवताय. तिथले बरेच लोक सरळ 'कोसिनार' वापरतात, तुम्हीही तेच वापरा.