एप्रिलमध्ये स्पिती : कुठून जावे?

प्रश्न : एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून डिझेल गाडीने स्पितीला जायचे आहे. मनालीमार्गे जाऊन शिमल्याने परतावे का? हवामानाचा भरवसा किती?

उत्तर : मनालीमार्गे नको. अटल बोगदा लाहौलपर्यंत नेतो, पण पुढचा साडेचार हजार मीटरवरचा कुंझुम घाट बहुधा मे अखेर किंवा जूनमध्ये खुला होतो. जाणे-येणे शिमला-किन्नौरमार्गेच करा. नारकंडा, कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम केलेत तर उंचीची सवय होत जाईल. शिमल्याहून थेट स्पितीचे मुख्य गाव काझा गाठणारे डोकेदुखी आणि उलट्यांनी बेजार होतात.

एप्रिलमध्ये पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची हवामान प्रणाली) आला की किन्नौरात पाऊस आणि वर बर्फ पडतो, दरडी कोसळतात. म्हणून दोन दिवस हाताशी मोकळे ठेवा. नाकोजवळचा मलिंग नाला सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी वाढते आणि दगड सुटतात.

आता गाडी. रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल तर निघण्यापूर्वी काढून कूलंट (पाणी गोठू न देणारे द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा. पाणी गोठून फुगले की रेडिएटर फुटतो, कधी इंजिनालाही तडा जातो. मैदानी डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखे घट्ट होऊन फिल्टर तुंबवते. टाकी किन्नौरातल्या रेकाँग पिओखालच्या पोवारीच्या पंपावर भरा. रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकतो. गाडी सपाटीवर गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे दगड लावा.