नीटचं रिपीट, चार लाखांची एफडी आणि भलत्याच माणसाचा विमा

परभणी जिल्ह्यातून एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांनी लिहिलंय. वय 44, खर्च जाऊन महिन्याला 60 हजार सुटतात, दुकानावर 8 लाखांचं सीसी (कॅश क्रेडिट) कर्ज आहे. मुलीला 2025 च्या नीटमध्ये 438 मार्क पडले. लातूरला रिपीटर बॅच लावायची तर फी, हॉस्टेल, मेस धरून तीन लाख लागतील. 4 लाखांची एफडी मोडावी की सोनं तारण ठेवावं, हा त्यांचा प्रश्न. पुढे लिहितात, ‘नंतरच्या खर्चाची काळजी नाही, मुलीच्या शिक्षणाची पॉलिसी 2019 पासून चालू आहे. सरकारी सीट नाहीच लागली तर दोन एकर विकून मॅनेजमेंटमधून घेऊ.’

प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. एफडी मोडा. सोनेतारणाचं व्याज एफडीच्या व्याजापेक्षा जास्त असतं आणि डोक्यावर सीसी आहेच. फी मात्र एकरकमी भरू नका, हप्ते मागा. क्लासवाले 600 मार्कांची ‘खात्री’ देत असतील तर ती सोडून द्या. अशी हमी देऊ नये, असं केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या सूचनांमध्येच लिहिलेलं आहे. शिवाय मार्कांवर जाऊ नका, रँक बघा. 2024 मध्ये 720 पैकी 720 मिळवणारे कितीतरी होते, 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 होते.

मला खरी काळजी वाटते ती त्या पॉलिसीची. तुम्ही बॉण्डचा फोटो पाठवलात, बरं केलंत. वर्षाला 90 हजार, 15 वर्षं, 2034 मध्ये साधारण 21 लाख. म्हणजे परतावा वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास. मुलीला 2026 मध्ये प्रवेश मिळाला तर साडेचार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप संपवून 2032 च्या सुरुवातीला ती डॉक्टर होईल. ‘शिक्षणाचे’ पैसे त्यानंतर दोन वर्षांनी येणार! हे विकणाऱ्याने मुलीचं वय विचारलं नव्हतं का?

आणि याहून वाईट म्हणजे विमा मुलीचा आहे. कमावता माणूस तुम्ही, दुकान तुमच्यावर चालतं, आणि तुमच्या नावावर एक रुपयाचा विमा नाही. प्रीमियम माफीचा रायडरही (पालक गेल्यास पुढचे हप्ते माफ करणारी जोड) बॉण्डवर दिसत नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर घरच्यांच्या हाती 8 लाखांचं कर्ज आणि पुढचा 90 हजारांचा हप्ता येईल. नीटचं वर्ष तिथेच संपेल.

म्हणून आधी स्वतःचा एक कोटीचा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) घ्या, वयाच्या 60 पर्यंतचा. वर्षाला 25 हजारांच्या आसपास जातील. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर तसं लिहा, हप्ता वाढला तरी. लपवलेल्या गोष्टीवरून क्लेम अडतो आणि तेव्हा भांडायला तुम्ही नसता.

जुनी पॉलिसी ‘पेड-अप’ करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेच्या विम्यावर तशीच चालू ठेवा. 7 हप्ते भरून झालेत, म्हणजे 11 लाखांच्या विम्याचे साधारण 5 लाख उरतील, त्यात आजवरचा बोनस धरून 2034 मध्ये 8 लाखांच्या घरात मिळतील. सरेंडर केलीत, म्हणजे मध्येच बंद करून पैसे घेतलेत, तर आज साडेतीन लाख. ते 7 टक्क्यांनी वाढवले तरी 2034 पर्यंत सव्वासहा-साडेसहा लाखच होतील. एजंट ‘नुकसान होईल’ म्हणेल, पण दोन्ही आकडे शाखेतून लेखी घ्या. एप्रिलचा हप्ता भरू नका. त्यातून वाचलेल्या 90 हजारांत टर्मचा हप्ता जाऊन 65 हजार उरतात. मोडलेली एफडी त्यांनीच आधी भरून काढा.

आता दोन एकरांबद्दल. मॅनेजमेंट कोट्यातून एमबीबीएस पूर्ण करायला कोटभर रुपये लागू शकतात. तुमचे दोन एकर 40 लाखांचे, उरलेलं कर्ज काढणार. शेत गेलं, कर्ज राहिलं आणि मागे आठवीतला मुलगा आहेच. त्याचं काय करणार? हा पर्याय मनातून काढा आणि मुलीलाही आजच तसं सांगा. शेत विकलं जाणार या विचाराचं ओझं घेऊन तिने पेपर देऊ नये.

त्यापेक्षा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. ओबीसी, एसईबीसी किंवा आर्थिकदृष्ट्या मागास गटातल्या, वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या घरच्या मुलींना राज्य सरकारने 2024-25 पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलंय. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. तुमचं उत्पन्न वर्षाला सव्वासात लाख आहे, मुलगी यात बसू शकते. प्रवर्ग कोणता ते मात्र तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, ते कळवा.