२०१६ चा लॅपटॉप, ४ जीबी रॅम : विंडोज ११ की लिनक्स?
लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाका, त्यातही हलकी एक्सएफसीई आवृत्ती. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१६ च्या मशिनमध्ये असा प्रोसेसर असूच शकत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा त्यावर बँकेचे व्यवहार करत राहू नका. मी नाशिकरोडला घरोघरी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. ब्राउझर, यूट्यूब, मराठी टायपिंग एवढंच काम असलेल्या घरांत मिंट छान चालतंय. मात्र घरी कुणी टॅली वापरत असेल तर थांबा, ती लिनक्सवर थेट चालत नाही. आधी इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून वायफाय, प्रिंटर तपासा. आणि फोटो दुसरीकडे कॉपी केल्याशिवाय इन्स्टॉलला हात लावू नका, कृपया.