केमिकलचा टँकर उलटल्यावर अग्निशमन दलाचे जवान लगेच पाणी का मारत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हायवेवर केमिकलचा टँकर उलटला, बंब आला, पण जवान गाडी लांब लावून अर्धा तास उभेच राहिले. गावातली मंडळी ‘पाणी मारा ना भो’ म्हणून ओरडत होती, तरी कुणी नोझल उघडलं नाही. ते घाबरले होते की त्यांना काम येत नव्हतं?

लांबून जे नुसतं उभं राहणं दिसतं, ते त्या अर्ध्या तासातलं सगळ्यात मोठं काम असतं. टँकरमध्ये काय आहे हे कळेपर्यंत पाणी मारायचं नसतं. सल्फ्युरिक ॲसिडचंच बघा. ९८ टक्क्यांचं ॲसिड साध्या लोखंडी टँकरमधून जातं, कारण एवढं तीव्र असताना ते लोखंडाला फारसं खात नाही. त्या टँकरच्या चिरेवर पाण्याचा जेट मारला की ॲसिड उकळून अंगावर उडतं. चिरेपाशी ते पातळ होतं, आणि पातळ ॲसिड लोखंड झपाट्याने खातं, त्यामुळे गळती वाढत जाते. शिवाय खाताना हायड्रोजन सुटतो, त्याला फक्त ठिणगी हवी. मदत म्हणून मारलेलं पाणी असं अंगाशी येतं.

म्हणून पहिलं काम टँकरवरची पाटी वाचणं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धोकादायक माल नेणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे माहितीची पाटी लावावी लागते. तिच्यावर रसायनाचं नाव, चार आकडी यूएन नंबर (रसायन ओळखायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), धोक्याचं चौकोनी चित्र, फोन नंबर आणि वरच्या कोपऱ्यात एक छोटा कोड असतो. हा कोड खास अग्निशमन दलासाठीच असतो. त्यातला आकडा सांगतो काय मारायचं: १ म्हणजे जाड फवारा, २ म्हणजे बारीक फवारा, ३ म्हणजे फोम, ४ म्हणजे कोरडं काहीतरी, पाणी अजिबात नाही. पुढचं अक्षर सांगतं अंगात काय घालायचं, भडका उडण्याची भीती आहे का, आणि सांडलेलं भरपूर पाण्याने पातळ करायचं की बांध घालून अडवायचं. शेवटी ‘ई’ असेल तर आजूबाजूची वस्ती हलवण्याचा विचार करा.

पेट्रोलच्या टँकरवर १२०३ आणि ३-वाय-ई दिसेल: फोम वापरा, बी.ए. सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घ्यायचा संच) आणि फायर सूट घाला, सांडलेलं अडवा, लोकांना हलवा. सल्फ्युरिक ॲसिडला १८३० आणि २-पी: पूर्ण केमिकल सूट, आणि मारायचंच तर बारीक फवारा. टँकर पाटीच्या बाजूवर पडला असेल तर मागची पाटी दुर्बिणीने किंवा मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचतात. ड्रायव्हर-क्लीनर सापडले तर केबिनमधला ट्रेम कार्डाचा कागद (मालाचा धोका आणि त्यावरचे उपाय त्यात लिहिलेले असतात) मागतात. अडचण अशी की ड्रायव्हर बऱ्याचदा मार भिऊन पळालेला असतो, आणि कधी आधीच्या खेपेची पाटी तशीच राहिलेली असते. म्हणून पाटी, कागद आणि दिसणारी लक्षणं (धुराचा रंग, वास, पत्र्यावर जमलेलं दव किंवा बर्फ) जुळतात का ते बघितल्याशिवाय शहाणा अधिकारी माणूस आत सोडत नाही. काहीच कळत नसेल तर सुरुवातीला चहूबाजूंनी किमान १०० मीटर मोकळं करतात. पेट्रोलच्या टँकरला आग लागली असेल तर ८०० मीटर, एलपीजीच्या टँकरला लागली असेल तर १६०० मीटर.

गाडी लांब लावण्याचं दुसरं कारण वारा. बंब नेहमी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून वारा येतो तिकडे, आणि शक्यतो चढावर, तोंड परतीच्या दिशेने करून लावतात. त्यासाठी उलट्या बाजूने पाच-दहा किलोमीटरचा वळसा पडला तरी चालतो. काठीला कापडाची पट्टी बांधली की वारा फिरल्याचं कळतं. आपल्या तापी-गिरणेच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या पहाटे वारा जवळजवळ पडलेला असतो आणि थंड हवा नाल्यात साचून राहते. हवेपेक्षा जड वायू तिथेच जाऊन बसतो, आणि मोरीखाली उभा असलेला माणूस रस्त्यावरच्या माणसाआधी पडतो.

आता वायूंचं. खान्देशात याचा धोका हायवेइतकाच गावात आहे. बर्फाचे कारखाने, शीतगृहं आणि दूध थंड करणारे प्लांट यांत अमोनिया असतो, आणि नगरपालिकांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत क्लोरीनचे टनर (मोठे सिलिंडर) असतात. दोन्ही नाकाला झोंबतात, पण पाण्याशी दोघांचं वागणं अगदी वेगळं.

अमोनिया पाण्यात प्रचंड विरघळतो. एक लिटर पाणी त्याचा सातशे लिटरच्या आसपास वायू पिऊन टाकतं. म्हणून ढगाच्या पुढे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बारीक फवाऱ्याची भिंत उभी करतात आणि ढग तिच्यात धुऊन काढतात. मात्र जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी पडता कामा नये. तो उणे ३३ अंशांना उकळतो, पाणी त्याच्या मानाने भट्टीइतकं गरम, त्यामुळे ढग क्षणात दुप्पट होतो. अमोनिया हवेपेक्षा हलका असतो हे पुस्तकात खरं आहे. पण द्रव गळताना जे पांढरं थंड धुकं तयार होतं, ते जमिनीलाच चिकटून पुढे सरकतं, त्यामुळे ‘वर निघून जाईल’ या भरवशावर राहू नये. बंद खोलीत तो हवेत १५ टक्क्यांवर गेला तर पेटतोसुद्धा, म्हणून विजेचं मेन बाहेरूनच पाडतात.

क्लोरीन हवेच्या अडीचपट जड. त्याच्या गळतीच्या जागेवर पाणी मारायचंच नाही. पाणी आणि क्लोरीन मिळून आम्ल होतं, ते टनरचं लोखंड खातं आणि भोक मोठं करतं. शिवाय पाण्याच्या उबेने आतला द्रव जोरात उकळतो. पाण्याची भिंत घालायचीच तर लांब, ढगासमोर. टनर म्हणजे आडवा ठेवलेला, साधारण ९०० किलो क्लोरीनचा सिलिंडर. त्याच्या एका तोंडावर दोन व्हॉल्व्ह असतात आणि दोन्ही टोकांना ७० अंशांच्या जरा वर वितळणारे प्लग असतात. गळती खालच्या व्हॉल्व्हमधून असेल तर द्रव बाहेर येतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे साडेचारशे लिटर वायू होतो. अशा वेळी पहिली युक्ती म्हणजे टनर लोळवून गळका व्हॉल्व्ह वर आणणं. मग द्रवाऐवजी फक्त वायू निघतो आणि गळती कितीतरी पटीने कमी होते. त्यानंतर टनरसाठीच बनवलेल्या किटमधली टोपी व्हॉल्व्हवर बसवून आवळतात. ते नसेल तर गळणारा वायू नळीने कॉस्टिक सोड्याच्या किंवा पाण्यात कालवलेल्या चुन्याच्या टाकीत सोडतात. एक किलो क्लोरीनला सव्वा किलो कॉस्टिक धरतात. अख्खा टनर त्या टाकीत कधीही ढकलायचा नाही. माझ्या मते प्रत्येक जलशुद्धीकरण केंद्राने हे किट आणि दोन बी.ए. सेट क्लोरीनच्या खोलीबाहेर ठेवायला हवेत. आत कुलूपबंद ठेवलेल्या किटचा गळतीच्या वेळी काडीचा उपयोग नाही.

एलपीजीच्या टँकरमधून वायू जळत बाहेर येत असेल आणि व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल, तर ती ज्वाळा मुद्दाम विझवत नाहीत. विझवली की न जळलेला वायू सखल भागात पसरतो आणि कुठल्याशा ठिणगीने एकदम पेट घेतो. २० डिसेंबर २०२४ ला जयपूरजवळ हेच झालं: धडकेत टँकरच्या नोझल तुटल्या, वायू रस्त्यावर पसरला आणि मग पेटला. जळत्या टँकरच्या बाबतीत खरं काम असतं टाकीचा वरचा, द्रव नसलेला पत्रा थंड ठेवणं. ज्वाळा जिथे पत्र्याला चाटते तिथे मिनिटाला सुमारे १९०० लिटर पाणी हवं. बंबात साडेचार हजार लिटर असलं तर ते अडीच मिनिटांतच संपतं. म्हणून मे महिन्यात, जेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात, तेव्हा पाण्याचे टँकर रांगेत लागल्याशिवाय अधिकारी माणसं जवळ सोडत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हचा आवाज चढत गेला किंवा टाकीचा रंग बदलला, तर सगळं आहे तिथे टाकून मागे पळायचं. तापलेली टाकी दहा मिनिटांतही फुटू शकते.

पेट्रोल-डिझेलचा हिशेब फोमचा. समजा सांडलेलं पेट्रोल दहा बाय दहा मीटरवर पसरलं आहे. त्याला दर चौरस मीटरला मिनिटाला चारेक लिटर फोमचं द्रावण, तेही सलग पंधरा मिनिटं लागतं. म्हणजे सहा हजार लिटर द्रावण, आणि ३ टक्क्यांच्या फोमने त्यात १८० लिटर कॉन्सन्ट्रेट (पाण्यात मिसळायचा मूळ फोम). एका बंबात एवढं बऱ्याचदा नसतं. अर्धा फोम मारून मग थांबलं तर तो विरतो आणि पेट्रोल पुन्हा उघडं पडतं. म्हणून शेजारच्या पालिकांचे आणि एमआयडीसीचे बंब येईपर्यंत थांबतात आणि सगळा फोम एकदम घालतात. फोम थेट पेट्रोलमध्ये मारायचा नसतो. अलीकडे जमिनीवर किंवा टँकरच्या अंगावर मारून तो हळूच पसरू देतात. आणि फोमच्या थरावर दुसऱ्या होजने पाणी मारलं की केलेलं सगळं वाहून जातं. इथेनॉलचा टँकर असेल तर साधा फोम टिकतच नाही, अल्कोहोल त्याच्यातलं पाणी शोषून घेतं. त्याला अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो, आणि भर दुपारी इथेनॉलची ज्वाळा धड दिसतही नाही.

आपल्याकडच्या काळ्या मातीचाही विचार करावा लागतो. सांडलेलं अडवायला बांध घालतात, पण एप्रिल-मेमध्ये या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पेट्रोल बांधाखालून थेट खोल उतरतं आणि कुणाच्या तरी विहिरीत निघतं. मुरूम किंवा वाळूच्या गोण्या आणि त्यांच्याखाली शेततळ्याला अंथरतात तो प्लास्टिकचा जाड कागद, हे काही तास तरी निभावतं. पहिली गोण रस्त्याच्या मोरीच्या तोंडाला जायला हवी. ॲसिडवर लाकडाचा भुसा किंवा सरकीची टरफलं कधी टाकू नका. नायट्रिक ॲसिड असेल तर भुसा पेटतो. त्यावर वाळू, आणि मग कडेकडेने थोडा थोडा चुना किंवा सोडा ॲश.

गावातल्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. डाळमिल आणि धान्याच्या गोदामात धुरीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून ओलाव्याने १ ग्रॅम फॉस्फीन निघतो. तो जीवघेणा आहे आणि आपोआप पेटूही शकतो. आणि फळं पिकवायला चोरून वापरतात ते कार्बाइड पाण्याने ॲसिटिलीन सोडतं. गोदामाला आग लागली की मालकाने लाज किंवा कारवाईची भीती बाजूला ठेवून हे दारातच सांगावं. त्या ढिगावर कोरडी पावडर किंवा कोरडी वाळू, पाणी नाही.

जवान शेवटी आत जातात तेव्हा जोडीने जातात, आणि तयार झालेली दुसरी जोडी बाहेर उभी असते. बी.ए. सेटचा ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला की सुमारे २००० लिटर हवा होते. ५० बारला शिट्टी वाजते, तोवरची १६५० लिटर वापरायची. जड काम करताना मिनिटाला ५० लिटर हवा लागते, म्हणजे ३३ मिनिटं. त्यात चालत जाणं, परत येणं आणि सूटवरून धुऊन घेणं धरलं की प्रत्यक्ष कामाला पंधरा-वीस मिनिटं उरतात. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत बंद केमिकल सूटमध्ये तेवढीही भरत नाहीत, माणूस उष्म्याने आधी कोसळतो. म्हणून बाहेर एक जण फलकावर नाव, दाब आणि आत गेल्याची वेळ लिहून ठेवतो आणि वेळ झाली की बोलावतोच, व्हॉल्व्हचे दोनच आटे राहिले असले तरी. धुण्याची जागा आधी तयार असते: प्लास्टिकचे टब, साबणाचं पाणी, मऊ ब्रश, हलका फवारा. आधी सूट धुतात, मग बाहेरची बाजू आत जाईल असा गुंडाळत उतरवतात, मास्क सगळ्यात शेवटी. धुतलेलं पाणीही नाल्यात सोडत नाहीत. ही सगळी मांडणी होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि तुम्ही पाहिलेला अर्धा तास बहुधा तोच होता.

मोठ्या घटनेला जिल्ह्याच्या बाहेरून मदत येते. धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दल आहे, एनडीआरएफ पुण्याहून येतं आणि त्याला जळगावपर्यंत सात-आठ तास लागतात. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळच्या वाघाडीत रासायनिक कारखान्यात झालेला स्फोट आठवत असेल, तर पहिले काही तास स्थानिक बंबांवरच निघतात हे वेगळं सांगायला नको.

अशा वेळी तुम्ही तिथे असलात तर १०१ किंवा ११२ ला फोन करून पाटीवरचा चार आकडी नंबर सांगा, तोही लांबूनच झूम करून वाचलेला. गाव, किलोमीटरचा दगड, वारा कुठल्या गावाकडे वाहतोय आणि टँकरला आग आहे का नुसती गळती, एवढं सांगितलं तरी दलाचा अर्धा वेळ वाचतो. सांडलेलं तेल भरायला कॅन घेऊन जाणाऱ्यांना हाताला धरून मागे ओढा. पाकिस्तानात अहमदपूर शर्किया इथे २५ जून २०१७ ला असंच तेल भरताना आग लागून दोनशेहून जास्त माणसं गेली. वाऱ्याला आडवं चाला, नाल्यात उतरू नका, मोटरसायकल चालू करू नका. रस्त्यालगतच्या शेतकऱ्यांनी विहिरीवरची मोटर त्या दिवशी चालू करू नये: वाफ साचली असेल तर स्टार्टरची ठिणगी पुरते, आणि रसायन उतरलं असेल तर ते पिकाला आणि जनावरांना जातं. पाणी तपासून आल्यावरच मोटर लावा.