‘अर्धा तास उडवतो, उरलेला वेळ व्हिडिओ करतो’

“गेम खेळतो असंही म्हणता येत नाही हो, मॅडम. अर्धा तास विमान उडवतो आणि उरलेला सगळा वेळ त्याचा व्हिडिओ करण्यात घालवतो. आणि बघतं कोण? वीस-पंचवीस जण!” आईच्या बोलण्यात काळजी होती, चीडही होती. मुलगा सोळा वर्षांचा. कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे खऱ्यासारखं विमान उडवण्याचा प्रोग्रॅम, चालवायचा, ते रेकॉर्ड करायचं, त्यावर स्वतःचा आवाज चढवायचा आणि यूट्यूबवर टाकायचं, हा त्याचा दीडेक वर्षाचा नाद. मध्ये एकदा वडिलांनी जॉयस्टिक उचलून कपाटात बंद केली, तर घरात आठवडाभर अबोला. “हे व्यसन आहे का, तेवढं सांगा,” असं म्हणत दोघं माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, आले होते. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

तासांचा हिशेब आईवडिलांकडे नेहमी तयार असतो. मला त्याचा फारसा उपयोग होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११मध्ये, गेमिंग डिसऑर्डरची नोंद आहे. ही यादी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. दिवसाला किती तास झाले की आजार, असा आकडा तीत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटला आहे का, बाकी सगळं मागे पडून खेळच पुढे आला आहे का, नुकसान दिसत असूनही तो चालूच आहे का, हे बघायचं. आणि हे सगळं साधारण वर्षभर टिकलेलं हवं, त्याने अभ्यास, नाती, रोजचं जगणं ठळकपणे बिघडलेलं हवं.

या मुलाचे मार्क घसरले नव्हते. दोन मित्र होते, त्यांच्याशी रोज बोलणं होतं. बिघडली होती ती झोप. रात्री दोन-तीनदा उठून तो फोन बघायचा. आता, फोनवर काही विमान उडत नाही. मग तो काय बघत होता?

तो एकटा भेटायला आला तेव्हा मी व्हिडिओचं नावही काढलं नाही. कोणतं विमान उडवतोस, एवढंच विचारलं. “एअरबस ए-३२०.” आणि मग पुढची दहा मिनिटं मला बोलायची गरज पडली नाही. विमान धावपट्टीकडे तीन अंशांच्या उतारावरून येतं, म्हणजे दर सागरी मैलाला साधारण तीनशे फूट खाली. वेग १४० नॉट (ताशी १४० सागरी मैल) असेल तर मिनिटाला सातशे फुटांच्या आसपास उतरत राहायचं. पाचशे फुटांवर आलो आणि वेग, दिशा, उतार यांतलं काही जमलेलं नसेल तर हट्ट करायचा नाही. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा, पुढे, नाक वर आणि पुन्हा एक चक्कर. हे सांगताना त्याचे हात टेबलावर आपोआप हलत होते. ज्याला घरचे ‘दिवसभर स्क्रीनसमोर बसून असतो’ म्हणत होते, तो मुलगा एक किचकट काम शिकत होता, तेही कुणी न शिकवता.

मग विचारलं, “व्हिडिओ कसा करतोस?” आवाज लगेच खाली आला. विमान धावपट्टीपासून दहा मैलांवर असतानाची स्थिती त्याने सेव्ह करून ठेवलेली. तिथून सुरू करायचं, ओबीएसवर, म्हणजे स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, रेकॉर्डिंग लावायचं, उतरवायचं. चाकं टेकताना मिनिटाला किती फुटांच्या वेगाने टेकली, तो लँडिंग रेट बघायचा. शंभराच्या आत आला तर ‘बटर’, म्हणजे लोण्यासारखं मऊ. नाही आला तर पुन्हा दहा मैलांवर. असं पंधरा-वीस वेळा. मग रीप्ले काढून बाहेरून दिसणारं विमान, पंखाजवळून दिसणारी चाकं, असे वेगवेगळ्या कोनांतले शॉट जोडायचे. मग आवाज. आवाज फुटायचं वय, त्यामुळे एक-एक वाक्य दहादा. मग थंबनेल, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र. मग अपलोड. आणि मग यूट्यूब स्टुडिओ उघडून बसायचं: किती जणांनी बघितलं, कोणत्या सेकंदाला सोडून गेले. प्रेक्षक कुठे गळतात ते दाखवणारी रेघ असते ना, ती त्याला तोंडपाठ होती. सकाळपर्यंत तीसजणही झाले नाहीत तर व्हिडिओ स्वतःच काढून टाकायचा.

“उड्डाणापासून उतरण्यापर्यंत अख्खी फ्लाइट शेवटची कधी केलीस?”

तो बराच वेळ आठवत राहिला. “परीक्षेच्या आधी. म्हणजे… चार-पाच महिने झाले असतील.”

इथे मला हवं ते सापडलं. घरात ज्याला एकच नाव होतं, ‘ते व्हिडिओ’, त्यात तीन वेगवेगळी कामं होती: उडवणं, रेकॉर्ड करणं आणि लोकांपुढे ठेवणं. प्रत्येकात किती मजा येते, दहापैकी गुण दे, म्हटलं. उडवण्याला नऊ. एडिटिंगला सात (“शॉट बरोबर जुळला की भारी वाटतं”). अपलोडनंतरच्या वेळेला दोन. आणि दिवसाचा मोठा तुकडा त्या दोनवाल्या खात्यात जात होता. यंत्र काढून घेतलं असतं तर नऊ आणि सात गेले असते. तो दोनवाला भाग मात्र फोनमध्ये तसाच राहिला असता.

या आकडे बघण्याला कमकुवतपणा म्हणायचं कारण नाही. बक्षीस कधी मिळेल हे ठरलेलं नसेल तर माणूस, आणि माणूसच कशाला, बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतली कबुतरंसुद्धा, चिकाटीने पुन्हा पुन्हा तेच करत राहतात. मोठी माणसं मेसेजवरची निळी खूण बघतात ती याच जातीची सवय.

झोप उडण्यामागे एक कमेंटही होती. स्वतःला वैमानिक म्हणवणाऱ्या कुणीतरी लिहिलं होतं, की अर्धी धावपट्टी संपेपर्यंत तू तरंगत होतास, याला लँडिंग म्हणत नाहीत. मुलाने त्या रात्री सगळेच व्हिडिओ लपवून टाकले. आई म्हणत होती, लोक किती दुष्ट असतात. मी मुलाला विचारलं, “त्याचं म्हणणं चूक होतं का?”

“नाही ना. तोच तर प्रॉब्लेम आहे.”

चाकं धावपट्टीच्या सुरुवातीच्या ठरलेल्या टप्प्यातच टेकायला हवीत, धावपट्टी ओली असेल तर जरा ठामपणे टेकवणंच बरं, नाहीतर चाकं पाण्याच्या थरावरून घसरू शकतात, हे त्याला माहीत होतं. पण मऊ टेकलं की आकडा सुंदर दिसतो. तो सुंदर आकडा थंबनेलवर टाकता येतो. म्हणून विमान मुद्दाम हवेत धरून ठेवायचं. चांगलं उतरणं म्हणजे काय हे ठाऊक असलेला मुलगा बघणाऱ्यांसाठी वाईट उतरत होता, आणि ते एकाने ओळखलं होतं. लागलं ते ‘पकडलो गेलो’ म्हणून. हे त्याच्याच तोंडून आलं. मला फक्त गप्प बसावं लागलं. समुपदेशनात हेच सगळ्यात अवघड असतं, असं माझं मत.

पुढच्या भेटींत आम्ही जे ठरवलं त्यातलं बरंचसं त्याच्याच जगातलं होतं. आठवड्यातून एक अख्खी फ्लाइट रेकॉर्डिंग बंद ठेवून करायची. व्हिडिओ टाकायच्या आधी वहीत डीब्रीफ लिहायचं: काय ठरवलं होतं, काय झालं, पुढच्या वेळी काय बदलणार. म्हणजे लोकांचा आकडा येण्याआधी स्वतःचं मत कागदावर असेल. स्टुडिओचं अ‍ॅप फोनमधून काढायचं, कॉम्प्युटरवर आठवड्यातून एकदाच बघायचं. यावर तो अडला. मग ‘स्टेराइल कॉकपिट’चा विषय त्यानेच काढला. दहा हजार फुटांच्या खाली वैमानिकांनी कामाशिवायचं काही बोलायचं-करायचं नाही, हा अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचा १९८१चा नियम. “म्हणजे रात्री दहानंतर मी दहा हजारांच्या खाली,” तो म्हणाला, आणि फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचं कबूल केलं. मी सुचवलेला नियम त्याने तीन दिवसांत मोडला असता. स्वतःचा नियम त्याने जवळजवळ पाळला. जवळजवळच, दोनदा रात्री फोन आणायला गेला होता, आईनेच सांगितलं.

वडिलांचं काम वेगळं. त्यांच्या लेखी हे खेळणं होतं. मी त्यांना एडविन लिंकची गोष्ट सांगितली. वाद्यं बनवणाऱ्या कारखानदाराच्या या मुलाने ऑर्गनमधले भाते वापरून १९२९मध्ये जमिनीवरून उडायला शिकवणारं यंत्र बनवलं, आणि दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिक त्यावर तयार झाले. गोष्टीने त्यांचं मन फारसं वळलं नाही, हे खरं. वळलं ते शेजारी बसल्यावर. दोन वैमानिकांच्या विमानात एक उडवतो आणि दुसरा लक्ष ठेवतो, चेकलिस्ट वाचतो. वडिलांना मी तेवढंच करायला सांगितलं: एक अख्खी फ्लाइट उजव्या सीटवर, चेकलिस्ट वाचायची, सल्ला द्यायचा नाही. सल्ला न देणं त्यांना जड गेलं. पण नंतर ते म्हणाले, “हा इतक्या शांतपणे बोलतो हे मला माहीतच नव्हतं.”

दरम्यान त्याने एक व्हिडिओ टाकला, लँडिंग न जमल्याचा. पाचशे फुटांवर बाजूचा वारा आवरेना, म्हणून तो पुन्हा वर गेला आणि दुसऱ्या खेपेला उतरला. फुटलेल्या आवाजासकट, एकाच टेकमध्ये. बटरवाल्यांपेक्षा तो कमी लोकांनी बघितला. त्याने तो काढला नाही. पण आकडे बघून दोन दिवस तोंड पाडून होता, तेही सांगायला हवं.

सुरक्षिततेचं थोडक्यात. माइकमध्ये घरातली बोलणी येतात, डेस्कटॉपवर शाळेच्या फाइली दिसतात, चॅनेलचं नाव कधीकधी पूर्ण खरं नाव असतं. हे एकदा मुलाबरोबर बसून तपासावं. कमेंट आधी आपल्याकडे थांबतील आणि मग दिसतील, अशी सोय असते, ती लावावी. व्हिडिओ अनलिस्टेड ठेवून फक्त लिंक दिलेल्या मित्रांना दाखवता येतो. सुरुवातीला तेवढेच प्रेक्षक पुरेसे असतात. पैशांबद्दल बरेच पालक हळूच विचारतात. जाहिरातींचा वाटा मिळायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं, अशी अट असते, शॉर्ट्ससाठी वेगळी. शिवाय अठरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाचं खातं जोडावं लागतं. सोळाव्या वर्षी हे ध्येय ठेवू नये असं मला वाटतं. तिथून सगळी भांडणं आकड्यांवरच होतात.

“यातून तो पायलट होईल का?” वडिलांनी शेवटच्या भेटीत विचारलं. घरच्या साध्या सिम्युलेटरवरचे तास परवान्यासाठी धरत नाहीत. क्रमाने काम करायची, चेकलिस्ट पाळायची सवय उपयोगी पडते. उलट अशा मुलांचे डोळे काचेबाहेर न जाता उपकरणांवरच खिळतात, ही प्रशिक्षकांची नेहमीची तक्रार. व्हायचं की नाही ते त्याला ठरवू द्या, म्हटलं.

तुमच्या घरी असं काही चालू असेल तर आधी तीन कामं वेगळी करून बघा आणि कुठल्या कामानंतर मूल चिडचिडं होतं, त्याकडे लक्ष द्या. झोप आठवडेच्या आठवडे मोडलेली असेल, आवडीचं उडवणंही नकोसं झालं असेल, शाळा बुडत असेल, किंवा ‘माझ्यात काहीच नाही’ अशी भाषा कानावर येत असेल, तर थांबू नका, समुपदेशकाला भेटा. जीव द्यायची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि जॉयस्टिक कपाटात असेल तर बाहेर काढा.