रंगीत निगेटिव्ह स्कॅन करताना रंगदुरुस्ती स्कॅनरवरच करावी का?

नाही, स्कॅनर फक्त निगेटिव्हच्या कोऱ्या (चित्र नसलेल्या), नारिंगी पट्टीवर जुळवून घ्यावा, तीच मांडणी (सेटिंग) पूर्ण रिळासाठी कायम ठेवावी आणि प्रत्येक शॉटची रंगदुरुस्ती नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे संगणकावर रंग-उजेड जुळवण्याच्या टप्प्यात, करावी. कारण स्कॅन करताना लाल, हिरव्या किंवा निळ्या वाहिनीतला उजळ भाग एकदा कमाल मर्यादेला टेकून कापला गेला, की तो तपशील पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. शिवाय शॉटागणिक मांडणी बदलली, तर ग्रेडिंग करणाऱ्याला तुलनेसाठी स्थिर आधारच उरत नाही. कोडॅकच्या सिनेऑन पद्धतीत 10 बिट लॉग फाइलच्या (फिल्मची घनता लॉगरिदमिक प्रमाणात नोंदणाऱ्या फाइलच्या) 0 ते 1023 या मूल्यश्रेणीत कोरी फिल्म 95 वर आणि 90 टक्के परावर्तनाचा पांढरा 685 वर धरतात, ते याचसाठी: त्यापुढची मोकळी जागा खिडकीतला प्रखर उजेड किंवा दिव्याची ज्योत सामावून घेते. म्हणून कोऱ्या पट्टीचे वाचन तिन्ही वाहिन्यांत 95 च्या आसपास आले आहे, हे वेव्हफॉर्मवर (चित्रातली उजेडाची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर) पाहूनच स्कॅन सुरू करावे. अपवाद रंग उडालेल्या जुन्या फिल्मचा: तिथे क्षीण झालेल्या थराच्या वाहिनीचा प्रकाश किंवा एक्सपोजर स्कॅनरवरच वेगळे जुळवणे योग्य ठरते, अन्यथा ती वाहिनी नंतर ताणताना चित्रात खरखर वाढते.